घरापर्यंतची तार कोणाच्या मालकीची?

भारतात इंटरनेट स्वस्त झाले आणि ते खासगी स्पर्धेमुळे झाले, हा समज गेल्या दशकात इतका घट्ट रुजला आहे की समाजवादी वर्तुळातही त्याला हात लावण्यास कोणी सहसा धजत नाही. दूरसंचाराच्या क्षेत्रात तरी बाजारपेठेने आपली कर्तबगारी सिद्ध केली, तेव्हा तेथे वाद घालण्यात अर्थ नाही, असे मानून पुरोगामी मंडळी शेतमालाच्या भावाकडे, रोजगाराकडे, शिक्षणाकडे वळतात. वस्तुतः शेतमालाचा भाव, नोकरीचा अर्ज, शिष्यवृत्ती, रेशनकार्डाची नोंद आणि सातबाऱ्याचा उतारा हे सारे आज ज्या वाटेने जाते ती वाट कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न या सर्व प्रश्नांच्या मुळाशी आहे. बाजारवाद्यांचा दावा म्हणूनच तपासून पाहिला पाहिजे.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या मार्च 2025 च्या आकडेवारीप्रमाणे देशात ब्रॉडबँडच्या सुमारे 94 कोटी जोडण्या आहेत. हा आकडा जाहीर सभेत सांगण्यास फार सोयीचा आहे. परंतु त्यांपैकी तारेने जोडलेल्या जोडण्या सुमारे 4 कोटीच आहेत, आणि त्यांत दुकाने, कचेऱ्या, दवाखानेही आले. 2011 च्या जनगणनेत देशातील कुटुंबांची संख्या साडेचोवीस कोटींच्या वर होती. आजची संख्या त्याहून पुष्कळच अधिक असणार. म्हणजे 2011 चाच आकडा धरला तरी सहा घरांतील जेमतेम एका घरापर्यंत तार पोचली आहे. उरलेले सारे खिशातल्या मोबाइलवर आणि रोजच्या दीड-दोन जीबीच्या मापावर जगत आहेत.

मोबाइल असता तारेची गरजच काय, असा प्रश्न येथे हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर कोविडच्या काळाने दिले. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातील केवळ 14.9 टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय आढळली होती आणि संगणक होता 4.4 टक्के कुटुंबांकडे. 2020 मध्ये शाळांना कुलपे लागली आणि शिक्षण पडद्यावर गेले, तेव्हा घरातल्या एकुलत्या एका मोबाइलवर तीन भावंडांनी शिकायचे की बापाने तो कामावर न्यायचा, असा पेच लक्षावधी घरांत पडला. मोबाइल ही एका माणसाची वस्तू आहे, तार ही घराची सोय आहे. शिवाय हवेतील लहरी मर्यादित असतात. एका टॉवरखाली जितकी माणसे जमतात तितकी प्रत्येकाच्या वाट्याची गती घटते. आणि तो टॉवर तरी कशावर उभा असतो? त्याच्या पायथ्याशीही प्रकाशतंतूची तार असेल तरच तो धड चालतो. बिनतारी म्हणून जे मिरवले जाते त्याचा पायाही शेवटी तारेचाच आहे.

तारेचे अर्थशास्त्र

ही तार घरात येते कशी, हे समजल्याखेरीज तिच्या मालकीचा प्रश्न समजत नाही. देशाबाहेरील वाहतूक समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलांतून येते. त्या केबला मुंबई, चेन्नई, कोची अशा मोजक्या ठिकाणी किनाऱ्याला लागतात; मुंबईत वर्सोव्याच्या परिसरात अनेक केबला वर येतात. तेथून जाडजूड तंतूंचे राष्ट्रीय मार्ग शहरोशहरी जातात. शहरातील वा तालुक्याच्या केंद्रात कंपनीचे एक यंत्र बसवलेले असते. त्यातून निघालेला केसाएवढा काचेचा एक तंतू गल्लीच्या तोंडाशी खांबावरील पेटीत येतो. या पेटीत वीज लागत नाही, हलणारा एकही भाग नसतो; तंतूतील प्रकाश फक्त विभागला जातो आणि त्याच्या 32 किंवा 64 शाखा होतात. प्रत्येक शाखेची एक बारीक तार एकेका घराच्या खिडकीतून आत येते आणि भिंतीवरील छोट्या डबीत संपते. आज सर्रास वापरात असलेल्या पद्धतीत त्या मूळ तंतूची क्षमता सेकंदाला सुमारे अडीच अब्ज बिटांची असते, आणि ती या साऱ्या घरांनी वाटून घ्यायची असते. जाहिरातीतील गतीच्या आकड्यामागे बारीक अक्षरात ‘पर्यंत’ हा शब्द का असतो, याचा उलगडा येथे होतो.

आता या साऱ्यात खर्च कशाचा होतो ते पाहावे. काचेच्या तंतूची किंमत फारशी नाही. खर्च होतो तो रस्ता खणण्याचा, तो बुजवण्याचा, खांबाच्या भाड्याचा, महानगरपालिकेच्या आणि ग्रामपंचायतीच्या परवान्यांचा आणि खणणाऱ्या हातांच्या मजुरीचा. एकदा चर खणून तंतू टाकला की त्यातून दहा घरे जोडा की चाळीस, एका कंपनीची सेवा चालवा की दहांची, वाढीव खर्च किरकोळ असतो. पहिला खर्च अवाढव्य आणि पुढचा नगण्य, अशा उद्योगाला अर्थशास्त्रात नैसर्गिक मक्तेदारी म्हणतात. पाणीपुरवठा, वीजवाटप, रेल्वेचे रूळ ही तिची जुनी उदाहरणे आहेत. एका गल्लीत तीन कंपन्यांनी तीन जलवाहिन्या टाकल्या तर त्याला स्पर्धा कोणी म्हणणार नाही, तो राष्ट्रीय संपत्तीचा अपव्ययच ठरेल. इंटरनेटच्या तारेबाबत मात्र नेमका हाच अपव्यय प्रगती म्हणून गौरवला जातो. मुंबई-पुण्याच्या कोणत्याही सधन वस्तीतील खांबाकडे नजर टाकावी. पाच-पाच कंपन्यांच्या तारांची जळमटे तेथे लोंबताना दिसतात. त्याच जिल्ह्यातील पाड्यावर किंवा तांड्यावर एकही तार नसते. दुधावरची साय जेथे दाट तेथे पाच चमचे, आणि जेथे नुसते ताक तेथे कोणीच नाही. भांडवलाच्या दृष्टीने यात काही चुकीचे नाही. भांडवल नफ्याकडे वाहते. प्रश्न एवढाच की ज्या सोयीवाचून नागरिकाचे नागरिकत्वच अपुरे राहते, ती सोय या प्रवाहावर सोडावी काय?

गमावलेली संधी

हे अपरिहार्य होते असे कोणी समजू नये. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते 15 ऑगस्ट 1995 रोजी, विदेश संचार निगम या सरकारी कंपनीकडून. टेलिफोनच्या तारेवर मोडेम लावून, त्याची ती कर्कश किंकाळी ऐकत, लोक जगाशी जोडले जात. 1998 च्या अखेरीस हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले. तथापि घरापर्यंतची तांब्याची तार तेव्हाही दूरसंचार खात्याचीच होती. 1 ऑक्टोबर 2000 रोजी खात्याचा व्यवसाय भारत संचार निगमकडे गेला. मुंबई आणि दिल्लीत 1986 पासून महानगर टेलिफोन निगम होतेच. ही तार तीन पिढ्यांच्या सार्वजनिक पैशातून अंथरली गेली होती. पुढे त्याच तांब्याच्या जोडीवरून बोलणे आणि ब्रॉडबँड दोन्ही वाहू लागले. केंद्रापासून घर जितके दूर तितकी गती कमी, आणि चार-पाच किलोमीटरच्या पलीकडे ती जवळपास निरुपयोगी, ही तिची मर्यादा होती. पण देशभर पोचलेली दुसरी तारच नव्हती.

2002 च्या फेब्रुवारीत विदेश संचार निगमचे व्यवस्थापन पंचवीस टक्के भागांसह टाटा समूहाकडे सोपवण्यात आले. त्याबरोबर देशाच्या समुद्री केबलांचे मोक्याचे नाकेही सार्वजनिक हातून गेले. ही झाली वाटेच्या एका टोकाची कथा. दुसऱ्या टोकाची, म्हणजे घराजवळच्या टोकाची, संधी 2004 मध्ये गमावली गेली. त्या वर्षी नियामक प्राधिकरणाने शिफारस केली होती की सरकारी कंपन्यांच्या घरापर्यंतच्या तारा अन्य सेवादारांनाही ठरावीक भाड्याने वापरू द्याव्यात. तार एकाची, तिच्यावरून सेवा अनेकांच्या, आणि भाडे तारेच्या मालकाला, अशी ही व्यवस्था. युरोपातील अनेक देशांनी ती स्वीकारली होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या ब्रॉडबँड धोरणाने ती बंधनकारक करण्याचे नाकारले. सरकारी कंपनीलाही आपली तार इतरांना देणे नको होते.

तार आपल्याच हाती ठेवायची असेल तर तिची वाढ करण्यासाठी भांडवल ओतावयास हवे होते. ओतायचे नसेल तर ती सर्वांना खुली करून भाड्याच्या उत्पन्नावर तिची देखभाल करावयास हवी होती. सरकारने दोन्हीही केले नाही. 2010 पर्यंत दोन कोटी ब्रॉडबँड ग्राहकांचे लक्ष्य त्या धोरणात होते. प्रत्यक्षात 2010 संपताना सुमारे एक कोटी दहा लाख ग्राहक झाले होते. आणि त्या धोरणात ब्रॉडबँडची व्याख्या होती सेकंदाला 256 किलोबिट! तेवढेही निम्म्यालाच मिळाले.

पुढचा अध्याय अधिक वेदनादायक आहे. 2010 च्या लिलावात जे दर निघाले त्या दराने भारत संचार निगमला लहरींसाठी सुमारे साडेअठरा हजार कोटी रुपये भरावे लागले आणि कंपनीची गंगाजळी आटली. चौथ्या पिढीच्या मोबाइल सेवेच्या लहरी देण्याचा निर्णय ऑक्टोबर 2019 मध्ये झाला, तोपर्यंत खासगी प्रतिस्पर्ध्याची ती सेवा सुरू होऊन तीन वर्षे लोटली होती. जानेवारी 2020 च्या अखेरीस एकाच दिवशी सुमारे 78 हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली घरी गेले. ज्या लाइनमनला गावातील प्रत्येक खांब ठाऊक होता, तो गेला. मग बंद पडलेली तार दुरुस्त करणार कोण? 2019 च्या सप्टेंबरमध्ये भारत संचार निगमचे तारेवरचे ब्रॉडबँड ग्राहक सुमारे 87 लाख होते. नोव्हेंबर 2021 मध्ये ते सुमारे 42 लाख उरले आणि त्याच महिन्यात पहिला क्रमांक खासगी कंपनीकडे गेला. शर्यतीतील एका धावपटूचे पाय बांधायचे, मग तो हरला म्हणून शर्यतीची महती गायची, यालाच आज स्पर्धा म्हणतात.

स्वस्ताईची किंमत

स्वस्ताईचा दावाही असाच तपासावा लागेल. 5 सप्टेंबर 2016 रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि 31 मार्च 2017 पर्यंत ती फुकट होती. तक्रारी झाल्या, नियामक प्राधिकरणाला किंवा स्पर्धा आयोगाला त्यात काही वावगे आढळले नाही. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत एअरसेल दिवाळखोरीत गेली, रिलायन्स कम्युनिकेशन्सने दिवाळे काढले, टेलिनॉरचा आणि टाटांचा मोबाइल व्यवसाय एअरटेलने घेतला, व्होडाफोन आणि आयडिया एकत्र आल्या. दहाबारा कंपन्यांच्या जागी चार उरल्या. मैदान मोकळे होताच दर वाढू लागले. डिसेंबर 2019, 2021 ची अखेर, जुलै 2024 अशा तीन खेपा झाल्या. शेवटच्या खेपेत 239 रुपयांची योजना 299 रुपयांवर गेली, म्हणजे एका दमात पंचवीस टक्के वाढ. कोणत्या शेतकऱ्याच्या मालाला, कोणत्या मजुराच्या रोजाला एका रात्रीत पंचवीस टक्के वाढ मिळाली? आज देशाच्या ब्रॉडबँड ग्राहकांपैकी जवळजवळ चारपंचमांश ग्राहक दोन कंपन्यांकडे आहेत. तिसरी खासगी कंपनी थकबाकीखाली दबली, तेव्हा सरकारने येणे रकमेचे भागभांडवलात रूपांतर केले. एप्रिल 2025 नंतर त्या कंपनीत सरकारचा वाटा जवळपास 49 टक्के झाला. खासगी कंपनीचा तोटा जनतेच्या खात्यावर येण्यास वेळ लागला नाही. सार्वजनिक कंपनीला लहरी देण्यास मात्र वर्षे लागली.

तारेच्या क्षेत्रातही हेच चक्र फिरत आहे. 1991 च्या आखाती युद्धानंतर देशभर गल्लोगल्ली केबलवाले उभे राहिले. गच्चीवरून गच्चीवर तारा टाकणारे हे तरुण कोणाच्या धोरणामुळे पुढे आले नव्हते. त्यांनी आपल्या हिमतीवर लक्षावधी घरांत तार नेली आणि पुढे त्याच वाटेने इंटरनेटही नेले. ऑक्टोबर 2018 मध्ये हॅथवे आणि डेन या दोन मोठ्या केबल कंपन्यांचे बहुसंख्य भाग रिलायन्सने विकत घेतले. या कंपन्यांच्या छत्राखाली काम करणारा छोटा केबलवाला हळूहळू वसुली करणारा दलाल होऊ लागला. 2023 पासून मोठ्या कंपन्या तार टाकण्याचा खर्चही वाचवून गच्चीवरील बिनतारी यंत्राने घरे जोडू लागल्या आहेत. मार्च 2025 मध्ये उपग्रहाद्वारे इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकशी करार कोणी केले? त्याच दोन कंपन्यांनी, एका दिवसाच्या अंतराने. आकाशातून येणारी वाटही त्याच दोन दारांतून येणार असेल, तर ग्राहकाच्या निवडीच्या स्वातंत्र्याला कितीसा अर्थ उरतो?

सार्वजनिक पैसा, खासगी फळ

खेड्यांच्या वाट्याला बाजार येणार नाही हे सरकारलाही ठाऊक आहे. म्हणूनच ऑक्टोबर 2011 मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना मंजूर झाली. अंदाज वीस हजार कोटींचा आणि मुदत दोन वर्षांची होती. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. पहिल्या लाखभर ग्रामपंचायती व्हायला 2017 चा डिसेंबर उजाडला, आणि अडीच लाखांचा आकडा 2025 मध्येही गाठला गेला नव्हता. ऑगस्ट 2023 मध्ये योजनेला नवे रूप देऊन 1,39,579 कोटी रुपये मंजूर करण्यात आले. हा पैसा येतो सार्वत्रिक सेवा निधीतून, ज्याला 2023 च्या कायद्याने ‘डिजिटल भारत निधी’ हे नाव दिले. कंपन्यांच्या उत्पन्नावरील पाच टक्के आकारणीतून तो उभा राहतो, आणि ती आकारणी शेवटी ग्राहकाच्या बिलातूनच वसूल होते. म्हणजे मुंबईच्या गिरणगावातील आणि गडचिरोलीच्या पाड्यातील प्रत्येक मोबाइलधारकाने या तारेला आपला पैसा दिला आहे. तो निधी वर्षानुवर्षे मोठ्या प्रमाणावर अखर्चित पडून राहिला, ही गोष्ट वेगळी.

परंतु खरा प्रश्न दिरंगाईचा नाही. तंतू येतो तो ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत. कचेरीतील यंत्र वीज गेली की बंद पडते आणि दुरुस्तीला कोणी वाली नसतो, ही तक्रार गावोगावी आहे. आणि यंत्र चालू असले तरी कचेरीपासून घरापर्यंतच्या एक-दोन किलोमीटरचे काय? नव्या योजनेत दीड कोटी ग्रामीण घरे जोडण्याचे लक्ष्य आहे आणि ते काम स्थानिक ‘उद्यमी’मार्फत, उत्पन्नाच्या निम्म्या वाट्यावर व्हावे असे ठरले आहे. उद्यमशील तरुणाला काम मिळते यात वाईट काही नाही. तथापि केबलवाल्यांचा इतिहास ज्याने पाहिला आहे त्याला पुढचे दिसते. एकेकटा उद्यमी, त्याच्या खांद्यावर जोडणीचे कर्ज, वर गावाला बांधील नसलेली व्यवस्था. पाच-दहा वर्षांत ग्राहक तयार झाले की एखादी मोठी कंपनी येईल आणि त्याची तार, त्याचे ग्राहक आणि जनतेच्या पैशाने आलेला राजमार्ग यांचा एकगठ्ठा लाभ उचलील. चर जनतेने खणायचा आणि पाणी दुसऱ्याने विकायचे, अशी ही रचना आहे. तिला आज विरोध झाला नाही तर उद्या होणारा विरोध निष्फळ ठरेल.

केवळ ‘बीएसएनएल वाचवा’ पुरेसे नाही

येथे समाजवाद्यांनी स्वतःच्या बाजूकडेही निर्भीडपणे पाहिले पाहिजे. जुन्या दूरसंचार खात्यात टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा यादी असे. तार तुटली की दुरुस्तीसाठी विनवण्या कराव्या लागत. ज्या मध्यमवर्गाने 1990 नंतर खासगीकरणाचे स्वागत केले, तो काही सगळाच भांडवलदारांचा हस्तक नव्हता; तो त्या खिडकीपुढे ताटकळून थकलेला होता. हे नाकारून सार्वजनिक क्षेत्राचे समर्थन करता येणार नाही. त्याच वेळी हेही विसरता कामा नये की त्याच सार्वजनिक व्यवस्थेने 1984 मध्ये सी-डॉट ही संशोधनसंस्था उभारली, आणि वातानुकूलनाशिवाय, धूळ व उन्हाळा सोसत चालणारे छोटे ग्रामीण टेलिफोन केंद्र घडवले. 1986 मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे ते बसले आणि पुढे देशातील हजारो गावांत पोचले. नफ्याच्या हिशेबात असे यंत्र कोणी घडवले नसते. दोष सार्वजनिक मालकीचा नव्हता, ग्राहकाला जाब विचारण्याची जागाच नव्हती हा दोष होता. सप्टेंबर 2025 मध्ये भारत संचार निगमची स्वदेशी बनावटीची चौथ्या पिढीची सेवा सुरू झाली, हे चांगलेच झाले. परंतु मालकी सरकारची आणि कारभार दिल्लीचा, एवढ्याने ती जनतेची होत नाही.

मग मार्ग कोणता? तार आणि सेवा यांची फारकत, हाच तो मार्ग होय. रस्ता सार्वजनिक असावा आणि त्यावरून कोणाचीही गाडी समान नियमाने जावी, हे तत्त्व तारेला लावावयाचे. स्वीडनमधील स्टॉकहोम नगरपालिकेने 1994 मध्ये स्टोकॅब नावाची कंपनी काढली. ती कोणाला इंटरनेट विकत नाही. शहरभर तंतू टाकते आणि सर्व सेवादारांना समान अटींवर भाड्याने देते. अमेरिकेतील चॅटनूगा शहराच्या नगरपालिकेच्या वीजसंस्थेने 2010 मध्ये आपल्या साऱ्या ग्राहकांना सेकंदाला एक अब्ज बिटांची सेवा देऊ केली. त्या वेळी ती अमेरिकेच्या मोठमोठ्या खासगी कंपन्याही देत नव्हत्या. शेजारच्या खेड्यांनी तीच सेवा मागितली, तेव्हा राज्याच्या कायद्याने नगरपालिकेला तिच्या वीजक्षेत्राबाहेर पाऊल टाकू दिले नाही. केंद्रीय नियामकाने 2015 मध्ये तो अडसर दूर करू पाहिला, पण 2016 मध्ये न्यायालयाने तो कायम केला. मुक्त स्पर्धेचे पुजारी स्पर्धक सार्वजनिक असला की कायद्याची भिंत कशी उभारतात, याचा हा उत्तम धडा आहे.

दूर जाण्याचीही गरज नाही. केरळ सरकारने राज्य वीज मंडळाच्या खांबांवरून आपले तंतूजाळे नेले आणि 5 जून 2023 रोजी के-फोन ही सेवा सुरू केली. वीस लाख गरीब कुटुंबांना फुकट जोडणी देण्याचा संकल्प त्यामागे होता. त्याची अंमलबजावणी संकल्पाच्या मानाने फार संथ झाली, हे सांगितलेच पाहिजे. पण खांब सार्वजनिक, तंतू सार्वजनिक आणि गरिबाचा हक्क लिखित, ही दिशा तेथे आखली गेली. त्याच राज्यात छोट्या केबलवाल्यांनी एकत्र येऊन आपली कंपनी उभी केली. तिची ‘केरळ व्हिजन’ ही सेवा आज तारेवरील ब्रॉडबँडच्या क्षेत्रात देशातील आघाडीच्या सेवांमध्ये गणली जाते. महाराष्ट्रातील केबलवाला एकेकटा विकला गेला, केरळातील संघटित राहून टिकला. संघटनेचे महत्त्व याहून स्पष्ट कोण सांगणार?

महाराष्ट्राला तर हे नवे वाटण्याचे कारणच नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखानदारीचा पाया घातला, तेव्हा शेतकऱ्यांना कारखाना चालवता येईल यावर शहाण्यासुरत्यांचा विश्वास नव्हता. त्याच परिसरात मुळा-प्रवरा या सहकारी संस्थेने 2011 पर्यंत सुमारे चार दशके खेड्यापाड्यांत वीज वाटली. ती संस्था शेवटी थकबाकीत बुडाली. सहकाराच्या नावाखाली घराण्यांची सत्ता पोसली गेली, हा अनुभवही याच मातीतला आहे. म्हणूनच नवी संस्था उभारताना हिशेब ग्रामसभेपुढे उघडा ठेवणे, भाड्याचा दर जाहीर असणे आणि कोणत्याही सेवादाराला नकार देण्याचा अधिकार संस्थेला नसणे, ही तीन बंधने तिच्या घटनेतच घातली पाहिजेत. पूर्वीच्या अपयशातून घ्यावयाचा धडा तो हा. सहकारच नको, हा धडा भांडवलदारांच्या सोयीचा आहे.

मागण्या

या विवेचनातून कार्यकर्त्यांपुढे काही नेमक्या मागण्या उभ्या राहतात. पहिली, सार्वजनिक निधीतून टाकलेला एकही तंतू, खांब किंवा चर कोणत्याही नावाने खासगी मालकीत जाता कामा नये. भाड्याने द्यावा, तोही सर्वांना समान दराने. दुसरी, ग्रामपंचायतीपासून घरापर्यंतची तार ग्रामपंचायतीच्या किंवा गावातील ग्राहकांच्या सहकारी संस्थेच्या मालकीची असावी आणि तिच्या उभारणीसाठी डिजिटल भारत निधीतून थेट अनुदान मिळावे. तिसरी, शहरांत नगरपालिकांनी रस्ता खणताना स्वतःची नळी टाकावी आणि कंपन्यांना तिच्यातूनच तार नेण्यास भाग पाडावे. दरवर्षी नवा चर आणि दरवर्षी नवा खड्डा हा प्रकार त्यायोगे थांबेल. चौथी, भारत संचार निगमने आपली तार इतर सेवादारांना खुली करावी, आणि त्या बदल्यात सरकारने तिला नवे भांडवल आणि नवी माणसे द्यावीत. काम कंत्राटदाराच्या मजुरांवर ढकलू नये. पाचवी, दुरुस्तीची मुदत कायद्याने ठरावी आणि ती चुकल्यास ग्राहकाचे बिल आपोआप कमी व्हावे. सार्वजनिक असो वा खासगी, जाब विचारण्याची जागा असलीच पाहिजे.

या मागण्यांचे गांभीर्य न्यायालयांनीही अप्रत्यक्षपणे मान्य केले आहे. केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्ये इंटरनेटची उपलब्धता ही शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग मानली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये इंटरनेटद्वारे होणारे अभिव्यक्तीचे व व्यवसायाचे स्वातंत्र्य घटनेने संरक्षित असल्याचे सांगितले. हक्क कागदावर आला. परंतु हक्काला घरापर्यंत पोचण्यासाठी तार लागते, आणि ती तार दुसऱ्याच्या मालकीची असेल तर हक्काचे दर महिन्याला भाडे द्यावे लागते. भाडे थकले की हक्क तुटतो.

येत्या काही वर्षांत 1,39,579 कोटी रुपयांचे चर या देशात खणले जाणार आहेत. ते एकदाच खणले जातील. त्यात जी मालकी पुरली जाईल ती पुढच्या दोन पिढ्यांना बांधून ठेवील. पाणी, जमीन आणि वीज यांच्या मालकीवर या चळवळीने लढे दिले, कारण त्यांवाचून माणूस जगत नाही हे तिने वेळीच ओळखले होते. तारेबाबत ती वेळ आज आहे. म्हणून भारतनेटचे काम आपल्या तालुक्यात कोणाकडे गेले आहे, कराराच्या अटी काय आहेत आणि काम संपल्यावर तार कोणाच्या नावावर राहणार आहे, हे तीन प्रश्न प्रत्येक शाखेने येत्या ग्रामसभेत लेखी विचारावेत आणि लेखी उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावेत.